लाल बाटली

एतेल्विनाबाई कोलंबियातल्या त्या डोंगरगावात नुकत्याच राहायला आल्या होत्या. अंगणात त्यांनी साखरपाण्याची लाल बाटली टांगली आणि रोज सकाळी तिच्यावर एक हमिंगबर्ड येऊ लागला. "आले बघा आमचे हे, न्याहारीला!" म्हणत त्या बाटली घासूनपुसून भरायच्या. गेलेलं माणूस हमिंगबर्ड होऊन घरच्यांना भेटून जातं, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल.

शेजारच्या नोहोराच्या बागेत फळीवर पिकली केळी आणि पपई मांडलेली असायची. पाखरांची नुसती झुंबड! साखरपाणी मात्र कुठेच नाही. म्हणून बाईंनी हौसेने तशीच एक बाटली तिला नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी ती बाटली कुंपणाबाहेर पालथी पडलेली दिसली. आत नोहोरा कोयत्याने, फुलांनी लगडलेली लाल जास्वंद बुडापासून तोडत होती आणि वर घोटाळणाऱ्या हमिंगबर्डला अंगावरच्या शालीने हाकलत होती.

बाईंचं डोकंच फिरलं. "अगं, साऱ्या रानाला जेवू घालतेस, मग या बोटभर जिवानेच तुझं काय घोडं मारलंय? तुझं कुणी भेटायला आलं, तर नकोय का तुला?"

नोहोराचा कोयता हवेतच थांबला.



"तुमच्या मालकांना तुम्ही स्वतः माती दिलीत, ताई. चार वर्षांपूर्वी बाजाराला म्हणून गेलेला माझा पोरगा अजून घरी यायचाय."