अकरा पेले पाणी

नवव्या पेल्याला गिरिधर हमसून रडायला लागला आणि मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

दक्षिणी मराठी मंडळाच्या तिखट सांबाराच्या स्पर्धेचा नियम साधा होता. रांधणारीनं आपला एक खाणारा बोलवायचा, त्याला केळीच्या पानावर जेवू घालायचं, आणि पान संपेस्तोवर तो किती पेले पाणी पितो ते परीक्षकानं मोजायचं. ज्याचे पेले जास्त, त्याची रांधणारी पहिली. गेल्या वर्षी जिंकलेला खाणारा दोन दिवस दवाखान्यात होता. ढाल त्याला खाटेवरच दाखवून आणली.

"वेणूअण्णा, आता तुमची पाळी," गिरिधर नाक पुसत म्हणाला. "कुणाला निरोप द्यायचा असला तर आत्ताच सांगा. नंतर जीभ राहत नाही."

वेणुगोपाळ हसला नाही. निरोप धाडावा असं कुणी उरलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला म्हणून तो कोइंबतूरला गेला आणि तिथंच, दुसऱ्या एका बाईच्या घरी, राहिला. पंकजाला, म्हणजे बायकोला, त्यानं एक ओळ लिहिली नाही. मग ती बाई वारली, आणि तिच्या मुलानं तेराव्या दिवशी त्याची पेटी जिन्यात आणून ठेवली.

दोन महिने झाले, तो कुंभकोणमात महामहम तळ्याशेजारच्या लॉजमध्ये राहत होता. खोली एवढीशी, की कुशीवर वळायचं तर दार उघडावं लागे. पंकजाच्या दारी तो दोनदा गेला. दोनदा ते उघडलं नाही. मग तो तळ्याच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागला आणि पाण्याकडे बघू लागला. पाणी गुडघाभर होतं. तिथंही त्याचं काही जमण्यासारखं नव्हतं.

अशात गेल्या बुधवारी लॉजवाल्यानं चिठ्ठी आणून दिली. 'रविवारीं स्पर्धेस जेवावयास येणें. उपाशी येणें. पंकजा.'

बारा वर्षांनी दोन ओळी. त्यानं त्या पाठ केल्या. शनिवारी दुपारपासून काही खाल्लं नाही. आज सकाळी मुद्दाम तिच्या गल्लीवरून आला. साऱ्या गल्लीत तिच्या एकटीच्या दारात पिठाच्या रांगोळीचा कोलम नव्हता. स्पर्धेची घाई, दुसरं काय. आणि मंडळाची एक रीत होती: जिंकलेल्या जोडीला रिक्षानं घरी पोचवायचं. एका रिक्षात, एका पत्त्यावर. वेणुगोपाळला ढाल नको होती. रिक्षा हवी होती.

पंकजा सांबाराचं भांडं घेऊन आली. न्हालेल्या केसांना नुसती गाठ मारलेली.

"पहाटेपासून रांधते आहे, पण थेंबभर जिभेवर ठेवला नाही," गिरिधर कुजबुजला. "मीठसुद्धा चाखलं नाही. काय हा भरवसा, अय्यो!"

"बसा," पंकजा म्हणाली. तिनं स्वतः पाणी शिंपडून पान मांडलं. "जेवताना बोलू नका. चांगलं की वाईट, तेही सांगू नका."

"बरं."

"पोटभर जेवा."

पहिल्या घासाआधीच वेणुगोपाळच्या डोळ्यांत पाणी आलं. परीक्षक अनंतकृष्णमामांनी वहीत त्याची नोंद केली नाही. मामा गावातले जुने भटजी. पन्नास वर्षं लोकांच्या घरी जेवून त्यांना कुठलं पाणी कशाचं ते कळे.

वेणुगोपाळनं घास घेतला आणि वाट पाहिली. काही झालं नाही. दुसरा घेतला. मुगाच्या डाळीचं, कच्च्या केळ्याचं सांबार, मऊ आणि निमूट. घशाशी जराशी ऊब, बस्स.

मिरची घालायची विसरली! एके काळी हिच्या फोडणीनं शेजारच्या तीन घरांत शिंका येत. आता ही हरणार, आणि ह्या अवदसेला जेवायला बोलावलं म्हणून हरले, असं आयुष्यभर म्हणणार.

त्याला ठसका लागला. म्हणजे त्यानं लावून घेतला. पेला उचलला, रिकामा केला. मग दुसरा. चौथ्या पेल्याला तो मांडीवर थापटू लागला. सातव्याला 'देवा' म्हणणार होता, पण बोलायचं नव्हतं. पोटाची पखाल झाली तरी तो पीत राहिला. पंकजा वाढत राहिली. तिनं क्षणभरही नजर काढली नाही, आणि बारा वर्षांत आपल्याकडे इतकं टक लावून कुणी पाहिलं नाही, हे त्याला जाणवत राहिलं.

"अकरा!" कुणीतरी ओरडलं. सभागृह उठून उभं राहिलं.

"अण्णा, बायको आहे की वीटभट्टी?" गिरिधर म्हणाला.

अनंतकृष्णमामांनी मात्र टाळी वाजवली नाही. ते उठून वेणुगोपाळपाशी आले आणि वाकून त्याचं तोंड न्याहाळू लागले.

"अकरा पेले, आणि नाक कोरडं?"

वेणुगोपाळनं ओळखलं, रिक्षा हातची गेली. मामांनी पळीनं सांबार तळहातावर घेतलं, चाटलं, आणि पुन्हा एकदा चाटलं.

"पंकजा, ह्यात मिरची नाही."

"नाही, मामा."

"मिरी आहे."

"होय."

"अग, मिरची वर्ज्य म्हणून मिरी घालतात ती श्राद्धाच्या स्वयंपाकात!" मामांनी आवाज खाली आणला. "आज तिथी कुणाची?"

पंकजानं वेणुगोपाळच्या पानात शेवटची पळी वाढली.

"ह्यांची," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे वळली. "तृप्त झालात ना? मग निघा आता."