बॉनी म्हणा ना

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या त्या गावात नवं बाळ पहिल्यांदा बाबागाडीतून बाहेर निघालं, की वाटेत भेटेल तो त्याच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवतो आणि म्हणतो, "बॉनी!" गोड, देखणं, बघत राहावंसं, सगळं त्या एका शब्दात येतं. वाळत घातलेल्या पांढऱ्याशुभ्र चादरींनाही तिथे तो सहज मिळतो.

इलीदच्या बाळाला मात्र तो कुणीच दिला नाही. ती प्रत्येकाच्या ओठांकडे बघत राहिली. बेकरीवाली जेसी म्हणाली, "बाई गं, मूठ काय घट्ट आहे! नाणं सोडायचा नाही हा." पोस्टातला डंकन दुलईबाहेर आलेले लोकरीचे मोजे हलवत म्हणाला, "पावलं बघ, फुटबॉल खेळणार गडी."

घरी येताच ती नवऱ्यावर उखडली. "कुलपं लागलीत मेल्यांच्या तोंडाला! कुत्र्याच्या पिल्लाला बॉनी म्हणतात, आणि माझ्या सोन्याला म्हणताना जीभ झडते?"

कॅलम हातातला अर्धा सोललेला बटाटा घेऊन तसाच गाडीपाशी आला. क्षणभर बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "अगं, पण त्यांनी याचा चेहरा पाहिलाय कुठे?"



बाळाच्या कपाळापासून गालापर्यंत पसरलेला लाल डाग कुणाला दिसू नये म्हणून गाडीच्या टपावरून सोडलेली शाल, घराचं दार लावून घेतल्यावरही इलीदनं वर केली नव्हती.