मठातले बुवा

“वेणूताई, आत नका जाऊ. बुवांना वारून दहा वर्षं झाली, तरी ते अजून कीर्तनाला उभे राहतात,” सोपान गुरव मठाच्या पायरीवरून म्हणाला.

“सख्ख्या बापाला भिऊ होय? उद्या हा सातशे वर्षांचा मठ धरणात बुडेल. एकदा त्यांचा आवाज ऐकू दे मला.”

आत कुणीच नव्हतं. वेणूताई वडलांच्या जागी उभी राहिली आणि मुद्दाम ताल चुकवून अभंग म्हणू लागली. चुकलेली सम बुवांना कधीच सोसली नव्हती. भर कीर्तनात ओरडायचे. ती दोनदा चुकली, थांबली. गाभारा गप्पच. तिसऱ्यांदा तिनं सम पुन्हा चुकवली.

“अगं, सम कुठं, तू कुठं!”

बुवांचा म्हातारा टाळकरी सोपान दहा वर्षांनी उंबरा ओलांडून आला होता. भ्यायला होता, तरी चिडला होता.

“पहिल्यापासून घे,” तो म्हणाला, अगदी बुवा म्हणायचे तसंच.