धुराची पैज

"आरं महेंद्र, खानीतला डिझेलचा धूर हटवतोस म्हनं! तितं खाली कोन बघाया जातंय? आपल्या बेसमेंटचा हटवून दाव, बायकोचं लुगडं नेसून गेटवर नाचतो!" कोलशेतच्या सोसायटीत दामाजीकाकांनी सगळ्यांदेखत पैज लावली.

खाणींमध्ये हवा खेळती ठेवायची यंत्रणा आखणाऱ्या महेंद्रच्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. तो तडक बेसमेंटमध्ये उतरला. काकांचा मासळीचा टेम्पो सुरू झाला की तिथे सगळे खोकून बेजार. टेम्पो बाहेर काढा, अशी कमिटीने तंबीच दिलेली. धूर ओढणारा पंखा होता, पण गाड्या आत यायच्या उताराच्या तोंडाशी, म्हणजे ताजी हवा आत आली की लगेच बाहेर. महेंद्रने पंखा पार दुसऱ्या टोकाला, खाडीकडच्या जाळीला नेऊन बसवला, आणि कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जुन्या फ्लेक्सचा पडदा टांगून हवा टेम्पोवरून वळवली. खाणीत करतात तस्संच. धूर गायब!

संध्याकाळी काका लुगडं नेसून गेटवर असे नाचले, की थांबायलाच तयार नाहीत.

"काका, हरलात ना? मग एवढे खुश कसे?" महेंद्रने विचारलं.



"आरं येड्या, टेम्पो वाचला माजा! हात जोडून बोललो असतो, तर 'बघू काका, पुढच्या रविवारी' बोलला असतास!"