झोक्याचे जोड

पोस्टमास्तर घोरायला लागले, तशी त्यांची बायको हळूच उठली. दुपारचे दोन वाजले होते. खुंटीवरची किल्ली घेऊन तिने मागच्या शेडचं दार उघडलं.

आत लोखंडी झोका उभा होता. उद्या नात यायची होती. चार वर्षांची पोर, म्हणजे झोका नुसता हलणार थोडाच, आभाळाला टेकणार! आणि जोड? देवा रे! हातोडीने तिने वरची खपली उडवली, तर आत भोकंच भोकं. पोर बसायचा अवकाश, सगळं खाली आलं असतं.

वर्षभर हे असंच चाललं होतं. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी वेल्डिंगचा नाद लावून घेतला, तेव्हा गल्ली हसली होती. पण पंधरा वर्षांत त्यांनी फाटकं केली, कुंड्यांचे स्टँड केले, एक जोड सुटला नाही. मग मागच्या वर्षी शेजाऱ्यांना करून दिलेलं बाक मोडलं. शेजारी धप्पकन जमिनीवर! लागलं नाही फारसं, पण मास्तर तीन दिवस धड जेवले नाहीत.

"हात गेला गं माझा," ते म्हणाले. "विकून टाकतो मशीन."

त्याच्या दोनच महिने आधी तिची ताई गेली होती. दोघी बहिणींनी तीस वर्षं शिवणाचं दुकान चालवलेलं. ताई गेली आणि हिने शिलाई मशीनवर चादर टाकली, ती टाकलीच. दिवसभर खिडकीशी बसून राहायची. आता नवराही तसाच बसला तर या घरात उरलं काय?

म्हणून एका दुपारी तिने त्यांचा मास्क तोंडावर चढवला. पहिल्या दिवशी रॉड लोखंडाला चिकटून बसला, सुटता सुटेना. पण शिकायला फार लांब जावं लागलं नाही. त्याच सुमारास मास्तरांना एकट्याने बडबडायची सवय लागली होती. काम करताना मोठमोठ्याने चालायचं, "रॉड जवळ धरायचा. हात घाईत न्यायचा नाही. पत्रा पातळ, तर करंट कमी." ती दारात भाजी निवडत बसलेली असायची. सगळं आपसूक कानावर पडायचं.

मग रोज दुपारी ती त्यांचे कच्चे जोड घासून काढायची आणि नव्याने भरायची. ग्राइंडर केवढ्याने किंचाळायचा, पण मास्तर ढिम्म. पूर्वी मांजर चाललं तरी जागा होणारा माणूस! कान गेले बिचाऱ्याचे, म्हणून ती हळहळायची.

संध्याकाळी ते जोडावर टिचकी मारून बघायचे. "काय गं, जमलं ना मला?"

"तुम्हाला न जमायला काय धाड भरलीय?"

खरं सांगायचं तर तिला आता मजा यायला लागली होती. टाके सरळ पडले की ती गुणगुणायची. रात्री कडकडून भूक लागायची. पण मास्तरांना कळलं तर ते कायमचे खचतील, या धास्तीने ती एक खूण मागे ठेवायची नाही.

आज सकाळी तिने विचारलं होतं, "अहो, पोरीचा झोका आहे. नीट होईल ना?"

"हातावर भरवसा आहे माझा," मास्तर चहा ओतत म्हणाले.

तिने खिळ्यावरचे ग्लोव्हज ओढून हातात घातले आणि थबकली. बोटं टोकापर्यंत नेमकी बसली होती. मास्तरांचे हात तर फावड्याएवढे. हे कोरे होते, लहान मापाचे.

मास्तर मापं लिहायचे त्या टेबलावर आज खडूने चार ओळी लिहिल्या होत्या. तिने चष्मा पुसला आणि वाचलं.

"बाक खरंच चुकलं होतं. त्यानंतरचे सगळे जोड मी मुद्दाम कच्चे सोडले. पोरीचा झोका आहे, घाई करू नकोस, करंट नव्वद ठेव. मी चारपर्यंत झोपलोय."