लोहानला शेजार

“टाकी केवढी?” दुकानदार लो याने विचारलं.

“तीन फूट.”

“आणि आत आधीपासून कोण राहतं?”

युएत-हो दारावर टांगलेल्या पिशव्यांकडे बघत होती. मोंगकॉकच्या मासेगल्लीत प्रत्येक दारावर पाण्याने फुगलेल्या पिशव्या लटकतात, आणि एकेका पिशवीत एकेक मासा गोल गोल फिरत असतो. लोचा सगळा माल सिक्लिड जातीचा. दिसायला देखणा, वागायला भाऊबंद. म्हणून या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाल्याशिवाय तो पिशवीला हात लावत नसे. मुलीचा बापसुद्धा एवढी चौकशी करत नाही, असं शेजारचे दुकानदार म्हणायचे.

“मला शांत हवा,” ती म्हणाली. “भांडणारा नको. फार चपळही नको.”

“वहिनी, मासा बघताय की जावई?”

ती हसली नाही. तिने एका पिशवीवर बोट ठेवलं. आत बोटाएवढा, पिवळाधमक सिक्लिड होता. “हा चालेल?”

“चालेल की. पण कुणाच्या शेजारी, ते बोला.”

“लोहान आहे. यांचा. फार लाडका.”

लोने हात मागे घेतला. लोहान म्हणजे वीतभर लांबीचा, कपाळावर अंड्याएवढं टेंगूळ मिरवणारा आणि सगळी टाकी आपल्या बापाची समजणारा सिक्लिड. “मग कुणीच नको. तीन फुटांत तो एकटाच बरा. हे पोर तुमचा चहा निवायच्या आत संपेल.”

“नक्की?”

लोने मान वर केली. मासा मरेल म्हटल्यावर गिऱ्हाईक हळहळतं, घासाघीस करतं, निघून जातं. इतक्या आशेने ‘नक्की?’ कुणी विचारलं नव्हतं. मग त्याला तिच्या ब्लाऊजवरचं स्टिकर दिसलं. इस्पितळात भेटायला जाणाऱ्यांना दारात चिकटवतात ते. काढायचं राहिलं होतं.

“कोण आहे आत?”

“हेच. हृदयाचं ऑपरेशन आहे. तीन वाजता नेणार.”

पुढचं लोला सांगावं लागलं नाही. घरावर येणारं अरिष्ट आधी टाकीतला मासा अंगावर घेतो, हे गल्लीत सगळेच मानत. निम्मी गल्ली त्यावरच चालत होती. युएत-होच्या वरच्या मजल्यावरच्या चॅनबाई जिन्यावरून गडगडत खाली आल्या होत्या, साधं खरचटलंही नाही, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा मासा पोट वर करून तरंगला. मात्र एक अट असते. मासा आपण होऊन मेला पाहिजे. माणसाने मारलेला धरत नाहीत. दुसऱ्या माशाने मारलेला धरतात की नाही, हे युएत-होने कुणाला विचारलं नव्हतं. कुणी ‘नाही’ म्हणालं असतं तर?

लोने पिशवी काढली. “जगवायचा असेल तर मोठ्याला आधी पोटभर खायला घाला. टाकीतले दगड हलवा. त्याला आपलं घर ओळखू येत नाही, मग मारामारी सुचत नाही. सगळ्यांना सांगतो, तसं तुम्हालाही सांगितलं.”

“समजलं.” यातलं काहीही करायचं नाही, हे तिने मनात घोकलं.

“आणि वहिनी,” लो हळूच म्हणाला, “याचं नाव ठेवू नका.”

घरी सासूबाई बाह्या सरसावून टाकीपुढे उभ्या होत्या. काच लख्ख होती. उजवीकडचे दगड डावीकडे गेले होते.

“आई, हे काय केलंत?”

“घासून काढली. हात रिकामे राहिले की डोकं भलतीकडे धावतं. घरी आल्यावर पोरगं आधी टाकीच बघणार, आई नंतर. या हावरटालाही कोळंबी घातली. मूठभर गिळली मेल्याने...” शब्द तोंडातून गेला आणि त्यांनी जीभ चावली.

युएत-होने पिशवी पाण्यात उलटी केली. पिवळा मासा तळाला गेला आणि कोपऱ्यात थिजला. लोहान वळला. सावकाश जवळ आला. लोहानने नव्या पाहुण्याला एकवार पाहून घेतलं, जागा बदललेल्या दगडांना एकवार पाहून घेतलं आणि गोंधळल्यासारखा दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

तीन वाजून गेले. ती काचेपाशीच उभी होती.

“मार ना रे,” ती पुटपुटली.

“काय म्हणालीस?”

“काही नाही.”

“बरं केलंस हो, सोबत आणलीस त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “बघ, कसे शहाण्यासारखे राहतायत!”

युएत-होने काचेवर टकटक केलं. मग जोरात केलं. रोज नवरा खाऊ घालताना असंच टकटक करायचा. लोहान लगबगीने काचेशी आला आणि तिच्या बोटासमोर तोंड उघडून उभा राहिला. त्याचं बघून पिवळाही आला. दोन तोंडं, एक मोठं, एक इवलंसं, उघडत होती, मिटत होती.

आतल्या खोलीत फोन वाजला.

डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवे लागायच्या आत फोनची वाट बघू नका. समोरच्या इमारतीवर अजून चांगलं ऊन होतं.

“तू घे गं,” सासूबाई म्हणाल्या. “माझे हात ओले आहेत.”

त्यांचे हात केव्हाच कोरडे झाले होते.