सहाच बरोबर

"क्लोरीनच्या रेणूत इलेक्ट्रॉनच्या एकाकी जोड्या किती?" बारावीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या नाडगौडा सरांनी विचारलं.

"सहा," यास्मिन म्हणाली.

"तीन! शून्य मार्क. पुढचा!"

यास्मिनला रडू आलं, पण ती हलली नाही. सरांच्या बशीतले चौदा फुटाणे उचलून तिनं टेबलावर मांडले. "दोन अणू, सर. प्रत्येकाच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. दोघांनी एकेक देऊन मधे बंध केला. आता बंधात नसलेल्या जोड्या मोजा."

सरांनी बोट ठेवून मोजलं. इकडे तीन, तिकडे तीन. पुन्हा मोजलं. त्यांचा चेहरा पडला. "अरे देवा, मी एकाच अणूच्या मोजत होतो!"

"मग माझे मार्क?"

"तुला पैकीच्या पैकी! पण सहा म्हणणाऱ्या नऊ जणांना मी शून्य दिलंय गं!"

आठ जण व्हरांड्यातच सापडले. नववा एसटीत बसून घरी निघाला होता. सर स्टँडपर्यंत धावले आणि सुटलेल्या गाडीला हात करत, धापा टाकत ओरडले, "सहा! सहाच बरोबर!"

गाडी थांबली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, "सहा जण ना? चढा लवकर. बाकीचे पाच कुठायत?"